औषध स्वस्त, येणं-जाणं महाग

पेशंट यायचा बंद झाला की सगळ्यात आधी मला कळतं. डॉक्टरांना पुढच्या ओपीडीला कळतं, सिस्टरना रजिस्टर लावताना कळतं. मी बेळगावातल्या एका रुग्णालयाच्या फार्मसीत आहे आणि लहान मुलांच्या कॅन्सरवरच्या केमोची औषधं आदल्या संध्याकाळी नावानिशी काढून ठेवायचं काम माझ्याकडे आहे. दुसऱ्या दिवशी दुपारचे तीन वाजून गेले आणि एखादी पिशवी ट्रेमध्ये तशीच पडून असली, की माझं जेवण कडू होतं. पिशवी कुणाची असणार, याचा अंदाज चिठ्ठी न वाचताही येतो. इथल्याच शहापूर-वडगावचं पोर सहसा चुकत नाही. चुकतं ते कणकुंबी-जांबोटीच्या जंगलपट्ट्यातलं, नाहीतर पार अथणीकडचं.

या पिशवीत असतं काय, तर फारसं महागाचं काही नाही. सायक्लोफॉस्फामाइडची पांढऱ्या पावडरची बाटली. पाणी घातल्यावर ही पावडर लवकर विरघळत नाही, हलवत बसावं लागतं. नवीन आलेली पोरं घाई करतात आणि तळाशी खडे राहतात. व्हिनक्रिस्टिन फ्रिजमध्ये, उजेड लागू न देता ठेवायचं. त्यावर लाल अक्षरांत लिहायचं, की हे फक्त शिरेतून द्यायचं. पाठीच्या कण्यातून गेलं तर जीव घेतं, म्हणून कण्यातून द्यायची मेथोट्रेक्सेटची सिरिंज आणि हे व्हिनक्रिस्टिन मी एका ट्रेमध्ये कधीच ठेवत नाही. ही सगळी जुनी औषधं, पेटंट कधीच संपलेली, भारतातच बनणारी. सायक्लोफॉस्फामाइडची एक बाटली खानावळीतल्या दोन ताटांच्या पैशात येते. कॅन्सर म्हणजे लाखोंचं औषध, हे लोकांच्या डोक्यात इतकं बसलंय की किंमत सांगितली तर "डुप्लिकेट नव्हे ना ओ सर?" असं विचारणारे भेटतात.

आमच्या मुलांच्या विभागातल्या डॉक्टर मॅडमनी एकदा मालावी देशातल्या मुलांच्या कॅन्सरवरच्या कामाचा एक लेख माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "वाचा, तुमच्या ट्रेचीच गोष्ट आहे." मालावी नकाशात कुठं आहे हेही मला धड सांगता आलं नसतं. टांझानिया, झांबिया आणि मोझांबिकच्या बेचक्यात अडकलेला लांबट देश, समुद्र नाही, पण लांबलचक तळं आहे. दक्षिणेला ब्लांटायर शहर आणि तिथं क्वीन एलिझाबेथ सेंट्रल हॉस्पिटल. तेव्हापासून मी या विषयावर मिळेल ते वाचतोय. आता पुतणी चिडवते, "काका, तुमचं मालावीचं तिकीट काढलंय काय?"

आफ्रिकेतल्या मुलांचा कॅन्सर म्हटलं की सुरुवात युगांडापासून होते. डेनिस बर्किट नावाचा आयरिश सर्जन कंपालाच्या मुलागो रुग्णालयात होता. लहानपणीच एक डोळा गेलेला. १९५७ साली त्याला एक मूल दाखवलं, जबड्याच्या चारही बाजूंना सूज. थोड्या दिवसांनी दुसऱ्या गावात तसंच दुसरं. दात हलतात, गाल फुगतो, डोळा बाहेर येतो, आणि काही आठवड्यांत मूल जातं. १९५८ साली त्याने यावर लिहिलं, आणि पुढं या गाठीला त्याचंच नाव पडलं, बर्किट लिम्फोमा. माणसाच्या शरीरातल्या सगळ्यात वेगाने वाढणाऱ्या गाठींपैकी ही एक; एक-दोन दिवसांत पेशी दुपटीला जातात.

मला त्याच्या गाडीची हकिगत फार आवडते. ही गाठ आफ्रिकेत नेमकी कुठं होते आणि कुठं होत नाही, हे शोधायला बर्किट १९६१ साली दोन सहकाऱ्यांना घेऊन जुन्या फोर्ड स्टेशन वॅगनमधून निघाला. दहा आठवडे, दहा हजार मैल, युगांडापासून पार दक्षिण आफ्रिकेपर्यंत. वाटेतल्या मिशनच्या दवाखान्यांत थांबायचं आणि विचारायचं, असं मूल पाहिलंय का? नकाशावर खुणा करत गेल्यावर दिसलं, की जिथं गरम आणि भरपूर पाऊस, म्हणजे जिथं मलेरिया कायम मुक्कामाला, तिथंच ही गाठ. उंचावरच्या थंड भागात नाही, कोरड्या भागात नाही. पुढं १९६४ मध्ये लंडनला एपस्टीन, अचॉंग आणि इव्हॉन बार या तिघांनी युगांडाहून आलेल्या गाठीच्या पेशींत एक विषाणू पाहिला. माणसात कॅन्सरशी जोडला गेलेला तो पहिला विषाणू. तो जगभर जवळजवळ सगळ्यांच्याच अंगात असतो, पण बालपणी सतत मलेरिया होत राहिला की शरीराचा पहारा ढिला पडतो आणि त्याचं फावतं. आपल्याकडे ही गाठ क्वचित दिसते, तीही बहुधा पोटात. आमच्या ट्रेमध्ये जास्त असतात ती रक्ताच्या कॅन्सरची मुलं.

त्या वेळी कंपालात रेडिएशनची सोय नव्हती, आणि जबडा कापून ही गाठ बरी होत नव्हती. म्हणून बर्किटने नव्याने आलेली औषधं देऊन पाहिली. मेथोट्रेक्सेट, सायक्लोफॉस्फामाइड. काही मुलांची गाठ एक-दोन डोसांत विरघळली, आणि त्यातली थोडी मुलं कायमची बरी झाली. १९६७ साली कंपालात या गाठीच्या उपचारांसाठी वेगळं केंद्र निघालं. आजच्या युगांडा कॅन्सर इन्स्टिट्यूटचं ते मूळ. म्हणजे नुसत्या औषधाने कॅन्सर बरा होतो, हे जगाला दाखवणाऱ्या सुरुवातीच्या जागांपैकी एक आफ्रिकेतली आहे. त्याच शहरात २०१६ साली देशातलं एकमेव रेडिएशन मशीन बंद पडलं, आणि नव्याचं उद्घाटन व्हायला २०१८ उजाडलं.

आता मालावी. युरोपात बर्किटची दहातली नऊ मुलं बरी होतात, पण तिथले डोस इतके जबर की पोराच्या पांढऱ्या पेशी तळाला जातात. मग महागडी अँटिबायोटिक्स, रक्त, प्लेटलेट, आयसीयू, सगळं हाताशी लागतं. मालावीत तसले जबर डोस देऊन पाहिले, तर मुलं गाठीऐवजी उपचारानेच दगावायला लागली. आधीच हाडकुळी, मलेरियाने पोखरलेली पोरं ती. तेव्हा दक्षिण आफ्रिकेचे पीटर हेसेलिंग, ब्लांटायरच्या एलिझाबेथ मोलिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मागं यायचं ठरवलं. अठ्ठावीस दिवसांत सायक्लोफॉस्फामाइडचे चार डोस, सोबत कण्यातून मेथोट्रेक्सेट. बास. औषधांचा सगळा खर्च ५० डॉलरच्या आत. निम्म्याच्या आसपास मुलं जगली.

निम्मी म्हणजे काय, असं कुणी म्हणेल. आमच्याकडच्या एका शिकाऊ डॉक्टरने म्हटलंच, "सर, हे म्हणजे गरिबांना स्वस्तातलं." मला ते पटत नाही. औषध कमी द्यायला जास्त धाडस लागतं. पुस्तकात लिहिलेला पूर्ण डोस देऊन मूल गेलं तर तुम्हाला कुणी बोल लावत नाही. कमी देऊन गेलं तर सगळे विचारतात. आपल्या वॉर्डात किती रक्त मिळतं, रात्री किती नर्स असतात, हे बघून डोस ठरवणारे लोक मला पुस्तकी लोकांपेक्षा मोठे वाटतात. आणि त्यांनी हिशोब लपवला नाही, किती मुलं गेली आणि कशाने गेली, ते छापलं.

त्या हिशोबात 'उपचार सोडून गेले' असा एक वेगळा रकाना असतो. चार आठवडे सलग मूल आलं नाही की त्या रकान्यात नाव जातं. श्रीमंत देशांत हा रकाना जवळजवळ रिकामा. आफ्रिकेत गाठीने आणि जंतुसंसर्गाने जितकं नुकसान होतं, त्याच्या तोडीचं हा रकाना करतो. जगात दर वर्षी साधारण चार लाख मुलांना कॅन्सर होतो. श्रीमंत देशांत त्यातली ८० टक्क्यांवर बरी होतात, गरीब देशांत कित्येक ठिकाणी ३० टक्केही नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली ठरवलंय, की २०३० पर्यंत सगळीकडे निदान ६० टक्के जगली पाहिजेत. हा आकडा नुसत्या औषधाने गाठता येणार नाही, हे ट्रे लावणाऱ्या कुणालाही समजेल.

खानापूर तालुक्यातल्या एका पोराचं सांगतो. चार वर्षांचा, विल्म्स ट्यूमर, म्हणजे मूत्रपिंडाची गाठ. ही गाठ बहुतेक वेळा आईलाच सापडते, आंघोळ घालताना. हिलाही तशीच लागली, डाव्या कुशीला दगडासारखं काहीतरी. आधी गावात कौल लावून झाला, मग जंताचं औषध. आमच्याकडे आला तेव्हा पोट घागरीएवढं. (अशी गाठ सारखी दाबून बघू नये. आत फुटली तर पसरते. पण पाहुणा आला की त्याला दाबून बघायला लावायची रीत आहे आपल्याकडे.) मालावीत जशी करतात तशीच इथं सुरुवात, आधी केमो देऊन गाठ लहान करायची, मग ऑपरेशन. चौथ्या आठवड्याची पिशवी ट्रेमध्ये राहिली. मी फोन लावला. तिकडं रेंज नसते, कुणीतरी टेकडावर जाऊन बोलतं.

"हॉस्पिटलातनं बोलतोय, औषधवाला. पोराला आणलं नाहीसा काल?"

"आता बरं हाय की ओ सर. खेळाय गेलंय बगा. पोट पण उतरलंय."

"उतरलंय, पण गाठ आत आहे अजून, मावशी."

"व्हय, डॉक्टरीणबाईबी तसंच म्हणालीती. पण आता भातकापणी चालू हाय, मानसं गावंनात. ह्याचा बा गोव्याला गवंडीकामावर. म्हशीला कोण बगायचं? सुगी झाली की येतो मी."

ती खोटं बोलत नव्हती. पोट उतरलं होतं, पोर खेळत होतं, आणि भात शेतात उभं होतं. यात अडाणीपणा कुठं आहे? ब्लांटायरचे डॉक्टरही हेच सांगतात: गाठ दिसेनाशी झाली की घरच्यांना मूल बरंच झालेलं वाटतं, आणि घरी बाकीची पोरं, पेरणी, उपासमारीचे महिने वाट बघत असतात. डिसेंबर ते मार्च मालावीत घरातला मका संपत आलेला असतो. त्या दिवसांत एक माणूस दीड महिना दवाखान्यात बसला तर घरची चूल कशी पेटणार?

मग तिथं केलं काय? आई-बापाला प्रवासाचे पैसे दिले. दवाखान्यात असेतो मुलाला आणि सोबतच्या माणसालाही खायला दिलं. त्या दवाखान्यांत नातेवाइकांनी बाहेर आवारात चूल मांडून पेशंटचा स्वयंपाक करायची पद्धत आहे, त्यामुळे सरपण आणि पीठ हाही उपचाराचाच खर्च. मुलांना 'चिपोंडे' नावाची शेंगदाण्याची पौष्टिक पेस्ट. एक बारकावा मला फार महत्त्वाचा वाटला: विल्म्सच्या मुलाला काट्यावर उभं करून पोषण कळत नाही, कारण गाठीचंच वजन भरपूर असतं. दंडाचा घेर मोजायचा. डोसही वजनावर निघतो म्हटल्यावर मी त्या दिवशीच मॅडमना विचारून आमच्या फॉर्मवर दंडाच्या घेरासाठी एक ओळ वाढवून घेतली. टेप लागते फक्त.

२०१४ पासून मालावी, घाना, कॅमेरून, इथिओपिया असे काही देश मिळून विल्म्सवर एकाच पद्धतीने उपचार करतात. नवीन औषध एकही आणलं नाही. जुनीच औषधं, सगळीकडे उपचारांचा सारखाच कागद, सोबतीला प्रवासखर्च आणि जेवण. सोडून जाणाऱ्या मुलांचं प्रमाण २३ टक्क्यांवरून १२ वर आलं. इतक्या थोड्या पैशात इतकी मुलं वाचवणारं इंजेक्शन माझ्या कपाटात एकही नाही. आफ्रिकाच कशाला, मुंबईत टाटाला २००९ च्या सुमारास पाचातलं एक मूल उपचार नाकारायचं किंवा अर्धवट सोडायचं. राहायची सोय, पैसे आणि पाठपुरावा करणारी माणसं उभी केल्यावर काही वर्षांत ते विसात एकाच्या आसपास आलं.

औषध पुरवठ्याचं रडगाणं तिथं आहेच, ते मी हलकं करत नाही. मध्येच माल संपतो, वीज जाते आणि फ्रिज बंद पडतो. जागतिक आरोग्य संघटना आणि अमेरिकेतलं सेंट ज्यूड रुग्णालय मिळून आता गरीब देशांना मुलांच्या कॅन्सरची औषधं फुकट पोचवतायत. २०२५ मध्ये सुरुवात झाली, आफ्रिकेतला झांबिया पहिल्या देशांत आहे. चांगली गोष्ट. व्हिनक्रिस्टिन ज्या झाडातून निघतं ती सदाफुलीही मूळची आफ्रिकेशेजारच्या मादागास्कर बेटावरची, आणि आज आमच्या वडगावात दारोदारी डब्यात लावलेली. (पानं चावून खाणाऱ्या मधुमेहवाल्या मंडळींना हात जोडून विनंती: नका खाऊ. झाड विषारी आहे, आणि मिलिग्रॅमभर औषध काढायला ढीगभर पानं लागतात.)

आपल्या सीमाभागाचं दुखणं त्यात आणखी वेगळं. निपाणी-खानापूरकडच्या माणसाला मिरज-कोल्हापूर जवळचं वाटतं, मुंबई ओळखीची वाटते, कारण डॉक्टर काय म्हणतो ते कळतं. पण रेशनकार्ड कर्नाटकाचं. इकडच्या आरोग्य योजनेत पैसे भरायला लागत नाहीत, पण मोठ्या उपचाराला बेंगळूरला जा म्हणतात, आणि तिथं आई कानडी-इंग्रजीच्या मधे मुकी होऊन बसते. महाराष्ट्र सरकारने सीमाभागातल्या ८६५ गावांना मोफत उपचारांची फुले योजना लागू केली, त्यावरून दोन्हीकडे काय काय झालं ते पेपरात येऊन गेलंय. मी त्यात पडत नाही. मला एवढंच दिसतं, की फाइल एका राज्यात आणि पोर दुसऱ्या राज्यात असलं की मधले तीन आठवडे कुठंच लिहिले जात नाहीत. आता मी प्रत्येक पिशवीच्या चिठ्ठीवर पुढची तारीख मराठीत, कानडीत आणि आकड्यात लिहितो, मागं गावातल्या आशाताईचा नंबर. ताईला फोन गेला की म्हशीचा प्रश्न बरेचदा शेजारीच सुटतो. त्या खानापूरच्या पोराचा तसाच सुटला. चुलतीने धारा काढल्या. ऑपरेशन झालं, राहिलेली केमो चालू आहे.

कर्नाटकाच्या शक्ती योजनेत २०२३ पासून बायकांना राज्यातल्या साध्या बसला तिकीट नाही. त्यावर लोक विनोद करतात, बायका देवदर्शनालाच फिरतात म्हणून. आमच्याकडे या, दाखवतो. पूर्वी बापाला सुट्टी मिळेपर्यंत पोर घरी राहायचं. आता आई एकटी उठते आणि घेऊन येते. मालावीत देणगीतून करावं लागलं, ते इथं निम्मं आपोआप झालं. निम्मं म्हणतो, कारण महाराष्ट्रात जाणाऱ्या बसला ते चालत नाही, शाळकरी मुलग्याला अर्धं तिकीट पडतंच, आणि केमो चार वाजता संपली तर जंगलातल्या गावाची शेवटची बस गाठायची कशी? मग रात्र कॉरिडॉरमध्ये, सकाळी चहा-बिस्किट, आणि पुढच्या वेळी "नको बाई तो त्रास".

गेल्या गणपतीत एका मंडळाची पोरं आली होती. वर्गणीतून पैसे उरलेत, कॅन्सरच्या मुलांसाठी औषधं द्यायचीत, बॉक्स हातात घेऊन फोटो काढू म्हणाली. मी म्हटलं, औषधं योजनेतून मिळतात रे. दवाखान्याजवळ एक खोली भाड्याने घ्या, दोन खाटा टाका, खानावळीला महिन्याचं सांगून ठेवा, आणि लांबच्यांना तिकिटाचे पैसे रोख द्या. पोरं एकमेकांकडं बघायला लागली. खजिनदार बिचारा प्रामाणिक, म्हणाला, "सर, औषधाचं बिल मिळतं. बसच्या तिकिटाचं अध्यक्षांना काय दाखवू?"

तिकीटच दाखव की बाबा. तारीख असते त्यावर. खोलीचं अजून त्यांच्या मीटिंगमध्ये अडकलंय, पण तिकिटांचं मान्य झालंय. मी फार्मसीच्या खणात एक बिस्किटांचा जुना डबा ठेवलाय. आलेल्या आयांकडून तिकिटं त्यात घेतो, आणि महिनाअखेरीला खजिनदार येऊन ती वहीत चिकटवून नेतो.